दोन खाचा

४ जून

चिंगे,

आशीर्वाद आहेतच, ते दर वेळी लिहून कागद भरत नाही.

कॅमेरा पाठवते आहे. खोक्यात टॉवेल कोंबलेत. त्यातले दोन तुझ्या आत्याचे चांगले आहेत आणि तिला ते अजून कळलेलं नाही, तेव्हा परत पाठव. फोन करू नकोस. मला कमी ऐकू येतं हे एक, आणि तुम्ही माणसं फोनवर फार पटकन खोटं बोलता हे दुसरं. लिहिताना निदान हात थबकतो.

तू म्हणतेस की जुन्या कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी तू सेन्सर बसवतेस, मग रोल लागत नाही, धुवावा लागत नाही, काढला की फोटो पाठीमागच्या काचेवर दिसतो. मला पटलेलं नाही, पण बघायचंय. इथे रोल मिळत नाही, आणि मिळाला तर तो धुणारा मेलेला असतो. सात वर्षं झाली, मी एक फोटो काढलेला नाही. खिडकीतून समोरच्या शिंपिणीचं दुकान दिसतं. दुपारी साडेतीनला तिच्या मशीनवर असं ऊन येतं की माझी बोटं शिवशिवतात. तुझ्या आत्याच्या मोबाइलवर काढून बघितला. तो फोटो नव्हे, पावती आहे.

अट एकच. आतलं काही कापायचं नाही, तासायचं नाही. आपल्या स्टुडिओत एकसारखे दोन कॅमेरे होते. एक तुझे आजोबा आणि त्यांचे धाकटे भाऊ मिळून वापरायचे. हा माझा एकटीचा. तुझा हात चांगला आहे म्हणून देते. तुझ्या बापाला मी यातला एक स्क्रू पिळायला दिला नसता.

तुझी आजी

१५ जून

आजी,

नमस्कार लिहिला तर कागद वाया घालवला म्हणशील, नाही लिहिला तर वळण नाही म्हणशील. म्हणून अर्धा लिहिते. नम.

कॅमेरा सुखरूप पोचला. टॉवेल धुऊन पाठवते. मी आजवर तीस-एक कॅमेरे उघडले असतील, पण इतका स्वच्छ ठेवलेला पाहिला नाही. लेन्सला एक बुरशीचा ठिपका नाही. शटर एक बटा पंधरा सेकंदाला अडकतं, ते सोडवीन.

कापणार काही नाही. मागचं झाकण काढायचं, फिल्म सपाट दाबून धरणारी पट्टी काढायची, तिथे सेन्सर, आणि नवं झाकण मी घडवणार. जुनं झाकण कागदात गुंडाळून तुला परत. उद्या वाटलं तर पुन्हा फिल्म घालता येईल.

फक्त एक. फिल्मच्या पुढे जी धातूची चौकट असते ना, जिच्यातून उजेड आत येतो, तिच्या डाव्या कडेला दोन ओरखडे आहेत. खोल आहेत. कोणीतरी हलगर्जीपणा केलेला दिसतो. आजोबांचा हात सुटला असेल.

माझं इथलं काही खरं नाही. घरमालकाला माझा ड्रिल ऐकू येतो. महिन्याभरात खोली रिकामी करा म्हणाला. सध्या गिऱ्हाइकांचे सहा कॅमेरे न्हाणीघरात कपाटावर आहेत आणि मी आंघोळ करताना त्यांच्यावर छत्री उघडते. हसू नकोस.

तुझी चिंगी

२२ जून

चिंगे,

हसले. पण आता माझं नीट वाच.

ते ओरखडे नाहीत. खाचा आहेत. मी पाडल्या आहेत, शेजारच्या घड्याळजीकडून बारीक कानस मागून आणून. आणि तुझ्या आजोबांचा हात कधी सुटला नाही. सुटला असता तर बरं झालं असतं, निदान एखादी भांडणाची आठवण राहिली असती.

तेव्हा मला लिहिता येत नव्हतं. माझं लग्न झालं तेव्हा मी पाटीवर घर काढायचे आणि खाली काय लिहायचं ते दुसऱ्याला विचारायचे. स्टुडिओत दोन्ही कॅमेऱ्यांच्या निगेटिव्ह एकाच दोरीवर वाळायच्या. भाऊजी, म्हणजे तुझे धाकटे आजोबा, सकाळी यायचे, चांगल्या चांगल्या निवडायचे, फोटो छापून मागे आपला शिक्का मारायचे. मी कुरकुर केली की म्हणायचे, वहिनी, तुमचा कुठला ते दाखवा, देतो. मला दाखवता यायचं नाही. मग मी माझ्या कॅमेऱ्याच्या चौकटीला दोन खाचा पाडल्या. खाचेतून उजेड जातो, त्यामुळे माझ्या प्रत्येक निगेटिव्हच्या डाव्या कडेला दोन काळे दात उमटतात. सही करता येत नव्हती, म्हणून ती माझी सही. मी भाऊजींना काही बोलले नाही. मला माहीत असलं की पुरे होतं. तुझ्या आजोबांना दिसलं होतं. ते डार्करूममध्ये निगेटिव्ह उजेडाला धरायचे, दात बघायचे आणि गप्प बसायचे. त्यांचं गप्प बसणं तेवढं माझ्या वाट्याला आलं.

हे आज का लिहिते? तिकडच्या ग्रंथालयातल्या बाईंचं पत्र आलंय. भाऊजींनी निगेटिव्हचे डबे त्यांना दिले. त्यात बटण कारखान्यातल्या बायकांचे एक्केचाळीस फोटो निघाले. जेवणाच्या सुट्टीत फाटकापाशी बसलेल्या बायका, ते सगळे मी काढलेत. पुरुष कॅमेरा घेऊन गेला की त्या पदर सावरून बसायच्या. मी गेले की भांडत राहायच्या. एक सप्टेंबरपासून ते फोटो भिंतीवर लागणार, खाली नावासह. भाऊजी म्हणतात त्यांनी काढले, मी नुसते डार्करूमचे ट्रे धूत होते. कारखान्यातली एक म्हातारी बाई म्हणाली की फोटोवाली बाईच होती. भाऊजी म्हणाले, म्हातारीचं वय झालं. ग्रंथालयातल्या बाई सरळ आहेत. त्यांनी मला विचारलंय, हातात धरता येईल असं काही आहे का? मी कळवलं, खूण आहे, प्रत्यक्ष दाखवीन. कसली ते लिहिलं नाही.

तुझे आजोबा गेल्यावर हे आता फक्त तुला ठाऊक आहे. चौकटीला हात लावू नकोस आणि वीस ऑगस्टच्या आत कॅमेरा माझ्याकडे पाहिजे. सेन्सर बसो न बसो.

तुझी आजी

१९ जुलै

आजी,

उत्तराला उशीर झाला. जागा बदलली. न्हाणीघरातून सुटले एकदाची.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. कसली डोकेबाज आहेस तू. खाचा सुखरूप आहेत, काळजी करू नकोस. सेन्सरचं काम चालू आहे. तो बसतोय, पण अर्ध्या मिलिमीटरने कुठेतरी टेकतोय. बघते काय करता येतं ते.

नवी जागा बघशील तर वेडी होशील. एका ओळखीच्यांनी दिली. उत्तरेला भलीमोठी खिडकी, दुधी काचेची, दिवसभर सारखा उजेड. वरची झडप इतकी उंच आहे की ती उघडायला कप्पीवरून दोर सोडलाय. तो दोर खाली खुंटीला कोणीतरी असा बांधलाय की गाठ काही सुटत नाही. चाकूने कापावा लागणार बहुतेक. टेबल खिडकीखालीच मांडलंय.

बाकी ठीक. आत्याला नमस्कार, पूर्ण.

तुझी चिंगी

२६ जुलै

चिंगे,

गाठ कापू नकोस. उजवीकडचं टोक आधी आत ढकल, मग डावीकडचं खाली ओढ. सुटेल. मी मारलेली आहे.

कॅमेरा जसा असेल तसा पाठव.

आजी

१२ ऑगस्ट

आजी,

गाठ सुटली.

हो, स्टुडिओच आहे. धाकट्या आजोबांनी दिला. तू रागावशील म्हणून लिहिलं नाही. ती जागा चार वर्षं बंद होती, आजी. उंदीर होते. मी झाडून काढली, रंग दिला. कोणी तरी तिथे कॅमेऱ्याचंच काम करतंय हे तुला आवडेल असं मला वाटलं होतं. त्यांचा आणि तुझा वाद तुमचा आहे. माझ्याशी ते कधी वाईट वागलेले नाहीत.

आता दुसरं. हे लिहायला मला चार दिवस लागले. खाचा राहिल्या नाहीत. सेन्सर टेकत होता, मी कानस घेतली, विचार कामात होता, आणि डावी कड तासली गेली. लक्षात आलं तोवर भुगा झाला होता. फुंकर मारून गेला पण. चुकून झालं, आजी. मी कुणाला काहीही बोललेले नाही.

हवं तर एक करता येईल. तिथे मी नवी पट्टी बसवते आणि तुझ्या निगेटिव्हवरून माप घेऊन तशाच दोन खाचा पाडते. माझा हात तुला माहीत आहे. कुणालाही कळणार नाही.

कॅमेरा याच्याबरोबर पाठवते. आता तो छान चालतो. बटण दाबून बघ.

तुझी चिंगी

३ सप्टेंबर

पोरी,

तू माझ्या नावाने खाचा पाडून देतेस म्हणालीस. म्हणजे माझी सही तू करणार. तुझ्या धाकट्या आजोबांना एवढं तरी जमायचं नाही, ते आपलीच सही ठोकायचे.

परवा ग्रंथालयात गेले. आत्या बरोबर होती. लांब टेबल, त्यावर पांढरा कागद, निगेटिव्ह ठेवून बघायची दिव्याची पेटी, भिंग. भिंतीवर फोटो टांगलेले, खालच्या चिठ्ठ्या कोऱ्या. ग्रंथालयातल्या बाई चष्मा कपाळावर घेऊन उभ्या. भाऊजी नवी काठी घेऊन आलेले. चालायला लागत नाही त्यांना ती, हातात धरायला लागते.

बाईंनी मला विचारलं, तुम्ही खूण म्हणालात, ती कोणती? मी कॅमेरा पिशवीतून काढत होते. अजून तोंड उघडलं नव्हतं. तेवढ्यात भाऊजी बोलले. "वहिनी, त्या दोन खाचा दाखवा की. डाव्या कडेला असतील."

खाच हा शब्द त्या खोलीत मी उच्चारलेला नव्हता. त्या बाईंना लिहिलेला नव्हता. आत्यालाही ठाऊक नव्हता, तिने माझ्याकडे बघितलं. मी एकाच पत्रात लिहिला होता, आणि ते पत्र तू तीनदा वाचलंस.

चौकट बघितली सगळ्यांनी. कड कोरी. बाई बराच वेळ भिंगातून बघत राहिल्या. त्यांचा काही दोष नाही. म्हणाल्या, निगेटिव्हवर दात आहेत, पण ते कुठून आले ते मी आता कसं सांगू, डबे तर यांच्याकडून आलेत. भाऊजी म्हणाले, जुन्या निगेटिव्ह आहेत, उंदरांनी कुरतडल्या असतील. उंदीर तुझ्या पत्रातही होते. मग चिठ्ठ्यांवर त्यांचं नाव लिहिलं गेलं. एक्केचाळीस वेळा. बटण कारखान्यातली ती म्हातारी मागे खुर्चीवर होती. ती मोठ्याने म्हणाली, "मग ही बाई तिथे रोज काय आमचे डबे राखायला यायची?"

मी भाऊजींना म्हटलं, भिंतीपाशी उभे राहा, एक काढते. राहिले. फोटो म्हटलं की ते मरणालाही जरा थांब म्हणतील. बटण दाबलं आणि ते काचेवर आले. हनुवटीवरचा दाढी करताना राहिलेला एक केससुद्धा दिसतो. तुझं काम चांगलं झालंय. ते मी नाकारणार नाही. हात तुला माझा मिळालाय.

म्हणूनच पुढचं विचारते. कॅमेरा मी बाईंकडे ठेवून आले, पण त्याआधी खिडकीशी नेऊन ती कड बघितली. कानशीने तासलेल्या कडेला गोलाई येते, आणि आडवे ओरखडे येतात. ही कड सरळ आहे. दोन्ही टोकांना कोपरे आहेत, जिथे करवतीचं पातं आत शिरलं आणि बाहेर पडलं. मी चाळीस वर्षं बारीक गोष्टी बघण्यात घालवली आहेत, पोरी. भुगा झालेला नाही. तू तुकडा कापलायस.

भुगा फुंकून जातो. तुकडा कुठेतरी असतो. कुठे आहे?

आजी

१० ऑक्टोबर

आजी,

हे पत्र मी खूप वेळा सुरू केलं.

जून संपताना धाकटे आजोबा माझ्या खोलीवर आले होते. घरमालक दारात उभा होता, सामान अर्धं बांधलेलं. तुझा कॅमेरा टेबलावर उघडा होता. मीच सांगितलं त्यांना. त्यांनी विचारलं नव्हतं. मला अभिमान वाटला होता, बघा आमच्या आजीने काय शक्कल लढवली म्हणून सांगितलं. ते हसले. मला वाटलं त्यांनाही कौतुक वाटलं.

आठवड्याने ते परत आले. स्टुडिओची किल्ली टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "तुझं काम स्वच्छ पाहिजे हं. ती कड कशी खरबडलेली आहे, ती तेवढी साफ करून टाक. माझ्या जागेत बसणाऱ्याच्या कामाला सफाई पाहिजे." एवढंच. त्यांनी खाच हा शब्द वापरला नाही. किल्लीवरून हातही काढला नाही. मला समजलं. समजलं नाही असं मी स्वतःला सांगत राहिले, पण समजलं होतं.

सेन्सर टेकत होता हे खरं. पण उजवी कड कापली असती तरी तो बसला असता. हे तुझ्याशिवाय कुणाला कळणार नाही आणि तुला आज ना उद्या कळलंच असतं, म्हणून सांगते.

मला कानस फिरववली नाही. सोनाराच्या करवतीने खाचांच्या बाहेरून तुकडा कापला आणि फिल्मच्या रिकाम्या डबीत ठेवला. डबी खणात होती. मी रोज खण उघडायचे. तो तुकडा या पत्राबरोबर आहे. कापसात. दात शाबूत आहेत.

मी तो फेकला नाही, आजी. एवढं तरी बघ.

सांगशील तर किल्ली उद्या परत करते.

चिंगी

२ नोव्हेंबर

पोरी,

तुकडा मिळाला. नखाएवढा आहे. कापूस चिकटला होता, तो मी चिमट्याने काढला.

दुसऱ्याच दिवशी गाडी पकडून ग्रंथालयात गेले. बाईंनी कॅमेरा काढला. तुकडा कापल्या जागी ठेवला, तो बसला. मग निगेटिव्हवर ठेवला. दोन खाचा, दोन दात. एक खाच जरा तिरकी आहे, त्या दिवशी घड्याळजीने मध्येच हाक मारली होती. दातही तिरका. एक्केचाळीसही तपासल्या त्यांनी, दुपारचे चार वाजले. मग एकेक चिठ्ठी काढली आणि म्हणाल्या, तुमचं नाव सांगा, मी लिहिते. मी म्हटलं, द्या इकडे पेन. पंचविसाव्यानंतर हात दुखायला लागला. थांबले नाही. अक्षर वाकडंतिकडं आहे, पण भिंतीवर आहे. भाऊजींना बाईंनी कळवलंय. ते आजारी आहेत असं उत्तर आलं.

तेव्हा माझं काम झालं. आता तुझं.

तू लिहितेस, फेकला नाही एवढं बघ. बघितलं. भिंगाखाली धरून बघितलं. तू पातं खाचांपासून चांगलं केसभर लांबून फिरवलंस. एक दात मोडला नाहीस. कामाच्या नादात कानस फिरली असती तर मी दोन शिव्या दिल्या असत्या आणि विसरले असते, माझ्या हातूनही निगेटिव्ह जळल्या आहेत. पण हे काम इतकं सुरेख आहे की ते बघूनच कळतं, कापताना तुला सगळं दिसत होतं. जो तुकडा मी म्हणते ते खरं आहे असं सांगतो, तोच तू काय केलंस तेही सांगतो. आणि एक सप्टेंबरला मी त्या टेबलापाशी कोरी चौकट हातात धरून उभी होते, तेव्हा तो तुझ्या खणात होता. तुझे आजोबाही असेच जपून ठेवायचे आणि गप्प बसायचे. ते तुला त्यांच्याकडून मिळालं असेल. मला वाटलं होतं तू सगळी माझ्यावर गेली आहेस.

किल्लीचं मला विचारू नकोस. परत केलीस तर मला दाखवायला करशील, आणि ठेवलीस तर तुझी तू ठेवशील. खिडकी चांगली आहे. दोर पावसाळ्यात फुगतो, मेण लाव.

तुकडा ग्रंथालयात राहील, काचेखाली. कॅमेरा बाईंनी मला परत दिला. शिंपिणीच्या मशीनवर ऊन आलं तेव्हा मी तो हातात घेऊन खिडकीशी बसले होते. ऊन आलं आणि गेलं. मी काढला नाही.

तो तुला पाठवते आहे, टॉवेलात गुंडाळून. टॉवेल या वेळी जुनेच आहेत. आता तूच वापर. त्याच्या चौकटीला कसलीही खूण उरलेली नाही, त्यामुळे त्याने काढलेला फोटो कुणाचाही असू शकतो.

आजी